टाकी गायली नाही

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

घराला पांघरूण घालून झालं. घराच्या पायाभोवती चारही बाजूंनी पेंढ्याचे गठ्ठे, त्यावर काळं प्लास्टिक, त्यावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर खिळे. हिवाळ्याआधी हे आमच्या नदीच्या खोऱ्यात सगळेच करतात, पण करण्याकरण्यात फरक असतो. लुजेच्या घराचं प्लास्टिक आत्ताच फडफडतंय. माझ्या प्लास्टिकला सुरकुती नाही.

लुजे म्हणजे माझ्या बायकोचा, फर्नांदचा भाऊ. निम्म्या खोऱ्याचे घर तापवायचे बॉयलर तोच बघतो. म्हणून निम्मं खोरं कुडकुडतं.

पूर्वेच्या भिंतीतून एक वाकडा पाइप बाहेर आलेला दिसला. डोक्यावर पत्र्याची टोपी. बॉयलरचं तेल भरायचा पाइप वेगळा, तो मला माहीत आहे, टँकरवाल्यासाठी तो मोकळा ठेवला. मग हा कशाचा? कशाचाच नाही. लुजेनं तळघरात तेलाची टाकी बसवली तेव्हाचं अर्धवट काम. टोपी काढून बघितली तर पाइप आ वासून उभा. म्हणजे थंडीला घरात यायला राजमार्ग. अंधार पडत आला होता. कपड्यांच्या टोपलीतून हाताला आलं ते लोकरीचं काहीतरी घेतलं, बोळा करून आत दाबलं, टोपी परत बसवली, वर गठ्ठा, वर प्लास्टिक. विषय संपला.

सगळी नोकरी सीमेवरच्या पुलावर, अमेरिकेच्या कस्टम्समध्ये गेली. कॅनडातून येणाऱ्या गाड्यांमधलं चीज, व्हिस्की, एकदा तर सीटखाली जिवंत कोंबड्या. माझ्या नजरेतून काही सुटलं नाही. रिटायर झालो म्हणून नजर रिटायर होत नाही.

मेमेर वरच्या खिडकीतून बघत होती. मेमेर म्हणजे फर्नांदची आई. लुजेचीही आईच, पण नव्वदी ओलांडल्यावर राहायला तिनं माझं घर निवडलं. हे मी लुजेला सारखं ऐकवत नाही. सणासुदीला फक्त.

१२ नोव्हेंबर.

एक मोजा गायब. फर्नांदनं विणलेला, राखाडी, वर लाल पट्टा. माझ्याकडचा सगळ्यात ऊबदार जोड. फर्नांदला शांतपणे विचारलं की कपडे धुताना तुझं लक्ष असतं कुठं. ती म्हणाली, मोजे तुझे, पाय तुझे, शोध तुझा तू, इन्स्पेक्टरसाहेब.

चिडली की ती मला इन्स्पेक्टरसाहेब म्हणते. ड्रायर उघडून बघितला. पलंगाखाली बघितलं. ती काहीतरी लपवते आहे.

२० नोव्हेंबर. सकाळ.

घर गार. बॉयलर बंद. तळघरात जाऊन बर्नरवरचं लाल बटण दाबलं. घरघरला, पेटला. चालू. फर्नांद म्हणाली, लुजेला फोन करू का? मी म्हटलं, एका बटणासाठी?

२१ नोव्हेंबर.

पुन्हा बंद. पुन्हा बटण. पुन्हा चालू. मशीनला माणसासारखंच असतं, थोडं दमात घेतलं की सरळ येतं.

२५ नोव्हेंबर.

दमात घेऊन सरळ येत नाही. काही तास चालतो, मग थकल्यासारखा बंद पडतो. थोडा वेळ पडू दिला आणि बटण दाबलं की परत चालतो. विशेष म्हणजे मी तळघरात उभा असताना नीट चालतो. वर येऊन कॉफीचा कप तोंडाला लावला की बंद. हा सरळ सरळ मुद्दामपणा आहे. पुलावर असे लोक बघितलेत.

फर्नांद पुन्हा म्हणाली, लुजेला बोलाव. बोलावणार नाही. ऑक्टोबरात चर्चमधल्या जेवणाला त्यानं घेवड्याची ताटली हातात धरून सगळ्यांसमोर सांगितलं की लेआंद्रला बल्ब बदलायचा असला तर तो आधी बल्बचा पासपोर्ट तपासतो. सगळे हसले. पाद्रीबाबा तर खोकेपर्यंत हसले. लुजे माफी मागेपर्यंत तो माझ्या तळघराची पायरी उतरणार नाही. मला घाई नाही.

निश्चय: बॉयलर मी स्वतः शिकणार. लुजेला येतो म्हणजे अवघड नसणार.

२९ नोव्हेंबर.

फिल्टर बदलला. पाइपातली हवा काढली. तेल माझ्या बाहीत गेलं, बाहीतून काखेत गेलं. बॉयलर चालला. जेवण होईपर्यंत.

मेमेर म्हणाली, पोरा, तुझ्या अंगाला विमानतळासारखा वास येतोय. ती आयुष्यात विमानतळावर गेलेली नाही, पण वास बरोबर ओळखला.

तिच्या खोलीतला रेडिएटर हात ठेवण्याइतपत कोमट. हातमोजे घालून पत्ते खेळलो. ती नेहमीप्रमाणे बाहीत राणी ठेवते. मला दिसतं. पुलावर अशा किती बाह्या उलट्या केल्या असतील. इथं मी खिडकीबाहेर बघतो.

१ डिसेंबर. आनंदाचा दिवस!

हार्डवेअरच्या दुकानात तेलात घालायचं औषध मिळालं. टाकीत साचलेला गाळ, पाणी, सगळ्यावर एकच बाटली. बाहेरच्या तेल भरायच्या पाइपाचं झाकण पान्यानं उघडलं. उघडताना फुस्स असा मोठा आवाज आला, टाकीनं श्वास घेतल्यासारखा. बाटली ओतली, झाकण लावलं. बॉयलर सुरू. तेव्हापासून अखंड.

फर्नांदला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघते आहे.

२ डिसेंबर.

चालू! चर्चबाहेर भेटेल त्याला औषधाचं नाव सांगितलं. लुजे दूर गाडी पुसत उभा होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

३ डिसेंबर.

बंद.

४ डिसेंबर.

औषध कमी पडलं असणार. दुसरी बाटली आणली. झाकण उघडलं, फुस्स, ओतली. चालू. म्हणजे माझं निदान बरोबरच होतं, फक्त डोस चुकला. डॉक्टरांचंही होतं असं.

५ डिसेंबर.

मी दुकानात गेलो असताना तेलाचा टँकर येऊन गेला म्हणे. मेमेर म्हणाली, टाकी गायली नाही रे. टँकर आला, टाकी गायली नाही, आणि तो निघून गेला.

टाकीत तेल भरताना बाहेर शिटी वाजते, भरली की थांबते. मेमेर त्याला टाकीचं गाणं म्हणते. तिचा नवरा होता तेव्हापासून ती खिडकीत बसून ते ऐकते. म्हटलं, मेमेर, तुम्हाला डुलकी लागली असेल, त्यात राहिलं ऐकायचं. ती म्हणाली, मला डुलकी लागली की मी घोरते, आणि घोरलं की मला जाग येते. यावर वाद घालता येत नाही.

टाकीवरचा काटा काल होता तिथंच. काटा बिघडलेला दिसतोय. लुजेनं बसवलेला.

८ डिसेंबर, सोमवार.

बॉयलर दिवसातून किती वेळा बंद पडतो ते मोजणं सोडलं. बाहेर उणे वीस.

दुकानात टँकरवाला क्लोव्हिस भेटला. तो म्हणाला, तुमच्याकडे शिटी वाजली नाही, म्हणून मी तेल भरलं नाही. टाकीच्या श्वासाचा पाइप बर्फानं बुजला असेल, बघून घ्या. वर म्हणाला, श्वास घेता आला नाही तर टाकी तेल सोडत नाही, बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी पिऊन बघा कधी.

पोरगा कालपरवा टँकरवर चढलाय आणि मला पाणी प्यायला शिकवतोय. तरी घरी येऊन निष्पक्षपणे तपासणी केली. घराभोवती पूर्ण चक्कर मारली. तेल भरायचा पाइप स्वच्छ. बाकी भिंत माझ्या प्लास्टिकखाली, कुठं फट नाही, आत बर्फाचा कण जायला जागा नाही. क्लोव्हिसचं म्हणणं निराधार.

सुरकुती अजूनही नाही. तेवढंच बरं वाटलं.

११ डिसेंबर.

मेमेरचा पलंग खाली स्वयंपाकघरात आणला, लाकडाच्या शेगडीशेजारी. तिला खोकला झालाय. कोरडा, लहानसा, पुन्हा पुन्हा येणारा. ती म्हणते, काही नाही, हवेनं होतं. मला तो आवाज आवडत नाही. तळघरात असलो तरी फरशीतून ऐकू येतो आणि मग हातातला पाना कुठं लावत होतो ते विसरतो.

फर्नांदनं आज आवाज न चढवता सांगितलं की घर आणखी एकदा गार पडलं तर मी आईला लुजेकडे नेणार, आणि तिच्यासोबत मीही राहणार. ती ओरडते तेव्हा मला काळजी नसते. आज ओरडली नाही.

निश्चय: नाताळच्या आत हा बॉयलर ठीक करायचाच. मेमेर या घरातून हलणार नाही. लुजेकडे तर नाहीच.

१४ डिसेंबर, रविवार. दुपार.

सगळं मुद्देसूद लिहितो.

सकाळी बंद. बटण दाबलं. घरघर, बंद. पुन्हा दाबलं. बटणाखाली काहीतरी लिहिलंय, एकापेक्षा जास्त वेळा दाबू नये वगैरे. अशा सूचना घाबरट लोकांसाठी असतात. वर मेमेर खोकत होती. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग सुचलं, औषध! बाहेर जाऊन झाकण उघडलं, फुस्स, तिसरी बाटली रिकामी केली, धावत खाली आलो, बटण दाबलं.

पेटला. दर बटणाला भट्टीत साचत गेलेलं सगळं तेल एकदम पेटलं. आवाज असा झाला की मी बसलो. धुराड्याचा पाइप निखळून खाली आला आणि काजळीचा लोट जिन्यानं माझ्या आधी वर गेला.

पडदे काळे. भिंती काळ्या. प्लोयच्या धिरड्यांसाठी फेटलेलं पीठ काळं. फर्नांदनं कालच मांडलेल्या नाताळच्या देखाव्यातले तिन्ही राजे काळे, मेंढ्या काळ्या, बाळ येशूसुद्धा. आणि मेमेर पलंगावर बसलेली, तोंडावर रुमाल, खोकते आहे, खोकते आहे, थांबतच नाही.

मी म्हटलं, घाबरू नका, दोष सापडलाय. फर्नांदनं माझ्याकडे बघितलं. मग आईचा कोट आणायला गेली.

१४ डिसेंबर. संध्याकाळ.

लुजे आला. दारातच उभा राहिला. त्यानं काही विनोद केला नाही. मी तयारीत होतो, पण त्यानं केलाच नाही. आईला उचलून गाडीत बसवलं. मेमेर माझ्याकडे बघून म्हणाली, लेआंद्र, पत्ते माझ्या उशीखाली आहेत. मग तिघं गेले.

लुजे म्हणाला, बॉयलर बघू का? मी म्हटलं, बॉयलर माझ्या ताब्यात आहे.

हे मी का म्हटलं?

१७ डिसेंबर.

भट्टी साफ केली. फर्नांदच्या व्हॅक्यूम क्लीनरनं. तो व्हॅक्यूम क्लीनर आता नाही. धुराड्याचा पाइप बसवला. तेल फवारायचं नवं नोझल लावलं. माझे सगळे मोजे काजळीत गेले. एकटा उरलेला राखाडी कपाटात होता म्हणून वाचला.

बॉयलर चालला. बंद पडला. शेगडीत लाकडं टाकली, नळ गोठू नयेत म्हणून थेंब थेंब सोडून ठेवलेत. उशीखाली पत्ते सापडले. पत्त्यांच्या जोडात एक राणी जास्त आहे.

फोन केला. फर्नांद म्हणाली, छातीत कफ झालाय, डॉक्टर येऊन गेले, औषध दिलंय. मी विचारलं, मेमेर माझ्याबद्दल काही म्हणाली? ती म्हणाली, विचारत होती, टाकी गायली का.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

मेमेरचं आणि क्लोव्हिसचं, दोघांचं म्हणणं एकदाच कायमचं खोटं ठरवायचं ठरवलं. पूर्वेच्या भिंतीवरचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडलं. जिवावर आलं. गठ्ठा ओढला. मागं तो वाकडा पाइप. लुजेचं अर्धवट काम. टोपी काढली.

आत बोळा. ओढला. घट्ट बसला होता, गोठला होता, फिरवून फिरवून काढावा लागला. निघाला आणि पाइपानं आत हवा ओढून घेतली. लांब. बराच वेळ. बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तशी.

बोळा उलगडला. राखाडी. वर लाल पट्टा.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी बघून घेतलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

बॉयलर चालू आहे. चालूच आहे. कॉफी पूर्ण प्यायलो. क्लोव्हिसला फोन केला, त्यानं येऊन टाकी भरली. शिटी वाजली. इतकी वर्षं या शिटीची आपण कधी दखलच घेतली नाही. चांगली वाजते.

फर्नांदला फोन केला. दोष सापडला म्हटलं. काय होतं? नोझल, म्हटलं. नोझल खरंच बदललेलं आहे, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. मोजा धुऊन शेगडीवर वाळत घातला. पुरावा शिल्लक नाही.

२० डिसेंबर.

दोघींना घ्यायला लुजेकडे गेलो. काजळीचे मोजे अजून धुतलेले नाहीत, म्हणून तोच राखाडी जोड घातला. धुतला होताच.

दारात बूट काढले. आमच्याकडे कुणाच्याही घरात बुटानिशी जात नाहीत. इतकी वर्षं हेच करत आलोय, तरी आज बूट निघेपर्यंत डोक्यात आलं नाही. उजव्या पायाचा मोजा राखाडी. डाव्या पायाचा पिवळट, पंजावर गंजाचं वर्तुळ, पाइपाच्या तोंडाएवढं. खोली गरम होती. वास उठायला लागला.

मेमेर खिडकीजवळच्या खुर्चीत, आधीपेक्षा लहान दिसली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे, मग बराच वेळ पायांकडे. ये रे, म्हणाली, गारठला असशील. आणि स्वतःच्या गुडघ्यांवरची घोंगडी काढून माझ्या पायांवर टाकली.

लुजे आत आला. नाक वर करून म्हणाला, तेलाचा वास कुठून येतोय? मेमेर म्हणाली, माझ्या घोंगडीला येतोय, लेआंद्रच्या घरातून आणलीय ना. आणि तिला खोकल्याची उबळ आली, घोंगडी नसताना. मी खाली बघत बसलो.

पत्ते खेळलो. तिनं बाहीतून राणी काढली. मी खिडकीबाहेर बघितलं.

फर्नांद म्हणाली, लुजेनं बॉयलर तपासल्याशिवाय आई हलणार नाही. मी म्हटलं, खुशाल तपासू दे. आता काय सापडणार त्याला?

२२ डिसेंबर.

लुजे येऊन गेला. बॉयलर बघितला, ज्योत बघितली. मग बाहेर गेला. पूर्वेच्या भिंतीशी बराच वेळ उभा होता, जिथं माझं प्लास्टिक फाटलंय आणि गठ्ठा बाजूला पडलाय. बोटाला चिकटलेला राखाडी लोकरीचा धागा झटकत आत आला, कॉफी घेतली. म्हणाला, नोझलच होतं तर. मी म्हटलं, नोझल. तो म्हणाला, छान काम केलंस. आईला उद्या आणतो.

जिंकलो. त्यानं माफी मागितली नाही, पण छान काम म्हणाला, ते त्याच्या बाबतीत माफीसारखंच. त्याला नाताळच्या जेवणाला बोलावलं. मोठ्या मनानं.

२५ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

सगळे आमच्याकडे. पडदे धुतलेले, राजे धुतलेले, फक्त एका मेंढीचं तोंड काळंच राहिलं. मांस भरून भाजलेली तुर्तिएर, मोलॅसिसचा केक. रेडिएटर इतके गरम की लुजेनं स्वेटर काढला. मी त्याला विचारलं, उकडतंय का? दोनदा विचारलं.

मग भेटी. फर्नांदनं मला एक चपटं पुडकं दिलं. सगळे जवळ सरकले. लुजे छताकडे बघायला लागला. हात धुऊन मागं लागलेल्या माणसासारखा क्लोव्हिसही नेमका तेव्हाच केक द्यायच्या निमित्तानं टपकला आणि दारात उभा राहिला.

उघडलं. मोजा. नवा विणलेला, राखाडी, वर लाल पट्टा. एकच. डाव्या पायाचा.

मी म्हटलं, दुसरा? फर्नांद म्हणाली, दुसरा तुझ्याकडे आहे ना, इन्स्पेक्टरसाहेब. हा पाइपासाठी नाही, एवढं लक्षात ठेव. मग जे हसू फुटलं ते चर्चच्या जेवणालाही फुटलं नव्हतं. लुजे भिंतीला टेकून हसत होता. क्लोव्हिस केकसकट हसत होता. फर्नांदच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं माझा हात धरला, ते एक बरं झालं. मीही हसलो. करतो काय?

मेमेर तेवढी हसली नाही. माझ्याकडे वाकून कानात म्हणाली, मी कुणाला सांगितलं नाही हं.

सगळे गेले. मेमेर वर तिच्या खोलीत आहे, खिडकीला लागून. बॉयलर सकाळपासून एकदाही थांबला नाही. घर गरम आहे, कोपरा न् कोपरा. आणि तरी ती खोकते आहे. मी खाली बसून ऐकतो आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात असा खोकला जायला वेळ लागतो. कधी जात नाही.

त्याचं कारण नोझल नव्हतं.

नवा मोजा घालून बघितला. बरोबर बसतो. आता पत्ते घेऊन वर जातो. तिला जागं असताना एकटं वाटू नये.